कारणापुरता मेकअप

मराठी माणसाच्या आयुष्यातला पहिला मेकअप तो वाईट दिसावा म्हणून केलेला असतो. न्हाऊमाखू घालून, धुरी देऊन झाली की आजी काजळाच्या डबीत बोट बुडवते आणि तान्ह्याच्या गालावर नाहीतर कपाळाच्या कडेला मुद्दाम एक वेडावाकडा ठिपका उमटवते. ती तीट. मूल फार देखणं दिसलं तर दृष्ट लागेल, तेव्हा आपणच आधी थोडं बिघडवून ठेवलेलं बरं, असा तो हिशेब. भाषेनेही हा हिशेब जपून ठेवला आहे. चांगल्या कार्यात काही विपरीत घडलं की त्याला गालबोट लागतं. म्हणजे सौंदर्य ही जोखीम आणि प्रसाधन हा तिच्यावरचा विमा, हा संस्कार आपल्यावर पाळण्यातच झालेला असतो, आणि पुढे आरशासमोर उभं राहिलं की तो हमखास आडवा येतो. ‘छान दिसायचंय म्हणून’ हे कारण मराठी घरात कारण म्हणून धरलंच जात नाही. दुसरं काहीतरी सांगावं लागतं. रोजच्या मेकअपबद्दल सल्ले देणारे आधी काय लावावं, मग काय लावावं, कशावर काय चढवावं हे सगळं नीट सांगतात, पण पहिली पायरी गाळतात. माझं म्हणणं असं की पुण्यात तरी मेकअपचा पहिला थर कारणाचा असतो. तो नीट बसला तर वरचं सगळं टिकतं. तो विसरला तर महागातलं फाउंडेशनसुद्धा जिन्यातच उतरतं.

पुरावा शोधायला फार लांब जायला नको, घरातलं कपाट उघडलं तरी पुरे. काजळ डोळ्यांना थंडावा म्हणून. पावडर घामोळ्यांसाठी, जी घामोळी पाठीवर येतात आणि पावडर तोंडाला लागते. चेहऱ्याला हळद आणि डाळीचं पीठ लावायचं ते हळद जंतुनाशक असते म्हणून. ओठांना रंगीत काहीतरी लागलेलं असतं कारण थंडीत ओठ फुटतात, आणि पुण्यातली ही थंडी चांगली मेपर्यंत चालते. पुरुषांनी यात हसण्यासारखं काही नाही. कलप लावणारे काका कलप लावत नाहीत, मेंदी लावतात. मेंदीने डोकं शांत राहतं. सदाशिव पेठेत सकाळी फिरायला निघालेली नारिंगी डोकी मोजली तर एवढी शांतता त्या पेठेला यापूर्वी कधी लाभली नसावी. यातलं एकही कारण सपशेल खोटं नाही, आणि खुबी तीच आहे. कारण निम्मं खरं असावं लागतं. पूर्ण खोटं कारण पुण्यात कुणी सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला उलटतपासणीची सवय असते.

हा स्वभाव एकट्या घराचा आहे असंही नाही. पेंढरकरांच्या विको कंपनीने 1975च्या सुमारास हळदीचं क्रीम बाजारात आणलं. अबकारी खात्याचं म्हणणं पडलं की हे सौंदर्यप्रसाधन आहे. कंपनीचं म्हणणं की हे आयुर्वेदिक औषध आहे. प्रसाधनावर कर जास्त, औषधावर कमी, त्यामुळे भांडण नुसतं शब्दाचं राहिलं नाही. ते वर्षानुवर्षं चाललं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तिथे कंपनीची बाजू मान्य झाली. कायद्याचे बारकावे वकिलांकडे सोपवू, पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मराठी घरातल्या प्रत्येक मुलीने आईसमोर जो युक्तिवाद कधी ना कधी केलेला असतो, तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला. याहून वरचं कारण हवं असेल तर ‘लॅक्मे’चं बघा. स्वातंत्र्यानंतर परदेशी लाली-पावडरीवर परकीय चलन उधळलं जातंय याची नेहरूंना काळजी वाटली आणि त्यांनी टाटांना सुचवलं, असं सांगतात. 1952मध्ये टाटांनी फ्रेंच कंपन्यांच्या मदतीने देशी प्रसाधनं काढली. नाव ठेवलं एका फ्रेंच ऑपेराचं, आणि त्या ऑपेरातलं ते नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचाच फ्रेंच उच्चार. लक्ष्मी पॅरिसला जाऊन लिपस्टिक होऊन परत आली. लिपस्टिकमागे राष्ट्रहित, परकीय चलन आणि लक्ष्मी तिन्ही उभे राहिल्यावर कुठल्या सासूची ना म्हणायची छाती होती?

कारण सांगायची ही सवय जुनी आहे, आणि साहित्यही वाटतं त्यापेक्षा जुनं आहे. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कुंकवाचे करंडे, फण्या आणि वज्र्या निवांत बघाव्यात. वज्री म्हणजे पाय घासायचं पितळी खरखरीत साधन. पण घासायची बाजू खाली, आणि वर धरायला मोर नाहीतर पोपट. पाय स्वच्छ करायला पोपट लागत नाही. तो पोपट म्हणजे हौस, आणि पाय घासणं हे तिचं कारण. फणीकरंड्याच्या पेटीचंही तसंच. झाकणाच्या आत आरसा, खाली खण, एका खणात कुंकू, एकात मेण, बाजूला फणी. आधी बोटाने कपाळावर मेणाचा गोल द्यायचा, मग त्यावर कोरडं कुंकू हलकेच दाबायचं, म्हणजे ते घामाने ओघळत नाही आणि नाकावर सांडत नाही. हल्ली दुकानात प्रायमर नावाची बाटली मिळते. चेहऱ्यावर आधी हे लावा म्हणजे वरचा रंग घट्ट बसतो, असं विकणारी मुलगी नवा शोध लागल्यासारखं सांगते. पणजीबाईंनी ती ऐकून घेतली असती आणि मेणाची डबी पुढे सरकवली असती. प्रायमरबद्दल रोजच्यासाठी सांगण्यासारखं आहे ते त्या डबीतच आहे: जिथे रंग टिकायला हवा तेवढ्याच जागी, आणि दिसणार नाही इतकंच.

त्यातल्या कुंकवाचं कारण मात्र सगळ्यांत भक्कम होतं, आणि म्हणून सगळ्यांत क्रूरही. हळदीला क्षार मिळाला की ती लाल होते. रसायन एवढं साधं. पण त्या लाल ठिपक्याला सौभाग्य हे एकच कारण जोडलेलं असल्यामुळे नवरा गेला की कारण गेलं आणि कारणाबरोबर कपाळही पुसलं गेलं. छान दिसतं म्हणून लावते असं म्हणायची सोय असती तर पुसायला कुणी येऊ शकलं नसतं. 2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं ही प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि राज्य सरकारने बाकी गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. कपाळावरचा ठिपका कायम राहावा यासाठी विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात ठराव करावा लागतो. दुसऱ्याच्या हातात असलेलं कारण किती महाग पडतं त्याचा हा दाखला. बाकीच्या लेखात मी कारणांची थट्टा करणार आहे, पण हे एवढं बाजूला ठेवून.

आता रोजचा मेकअप. पुण्यात त्याचे नियम त्वचेचा प्रकार ठरवत नाही, दुचाकी ठरवते. सकाळी साडेआठला कर्वे रस्त्याच्या सिग्नलला उभं राहावं. ओढणी आधी डोक्यावरून, मग हनुवटीखालून, मग नाकावरून, आणि टोक मागे खोचलेलं. वर गॉगल, अंगात पांढरा सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे. आत कोण आहे हे सख्ख्या आईलाही आवाजावरून ओळखावं लागेल. बाहेरगावचा माणूस याला बुरखा समजतो, पोलीस कधीकाळी वेगळंच काही समजले असतील, पण कारण विचारा: धूळ, धूर आणि ऊन. तिन्ही खरी. आता एवढं झाकलेलं असताना आत मेकअप कशाला, असा तर्कशुद्ध प्रश्न कुणी विचारेल. तर्कशुद्ध उत्तर असं की मेकअपचे दोन हप्ते करावेत, एक घरचा आणि एक पार्किंगचा. ओढणी घासली तरी जे बिघडत नाही ते घरी, आणि जे पुसलं जातं ते पार्किंगमध्ये. जिला हा हिशेब जमत नाही तिची ओढणी शुक्रवारी उलटी करून बघावी. आतल्या बाजूला आठवडाभराचा चेहरा उमटलेला असतो. नाकाची जागा ओळखू येते, हनुवटीचा गोल येतो, आणि ओठांच्या जागी सोमवारचा गुलाबी आणि बुधवारचा विटकरी एकावर एक. चेहऱ्यावर मेकअप टिकत नाही अशी तक्रार असलेल्यांनी तो कुठे टिकतो ते तिथे पाहावं.

घरच्या हप्त्यात पहिलं सनस्क्रीन. त्यावर कुणी हरकत घेत नाही कारण ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. नसलं तर ‘डॉक्टर सांगतात’ एवढंही पुरतं. पण पुणेकर ते लोणच्यासारखं वाढतात. ट्यूबवर छापलेला एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढं लावून. घरगुती भाषेत, तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. वाटाण्याएवढं लावून 50चा आकडा मिळत नाही, फक्त 50च्या ट्यूबची किंमत जाते. आणि 30 की 50 यावर घरात वाद घालण्यात अर्थ नाही. नीट लावलं तर 30चं जवळपास 97 टक्के अतिनील-बी किरणं अडवतं, 50चं जवळपास 98. राहिलेल्या एका टक्क्यासाठी भांडण्यापेक्षा मानेला लावावं, जी कायम विसरली जाते. लावून झाल्यावर ओढणी लगेच गुंडाळू नये, पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. तेवढ्यात डबा भरून होतो आणि पाण्याची बाटली शोधून सापडते. मग फाउंडेशन लावायचंच असेल तर सगळ्या तोंडाला भिंतीसारखा हात मारायची गरज नसते. नाकपुड्यांच्या कडा, डोळ्यांखाली, हनुवटीवरचा जुना डाग, एवढ्या जागी थेंबभर घेऊन बोटानेच दाबावं. बोटाच्या उबेने ते त्वचेत मिसळतं, आणि बोट धुता येतं. मेकअपचा स्पंज किती जणी धुतात हा प्रश्न मी विचारत नाही. पावडरही घासू नये, दाबावी. आणि ती मानेलाही लागावी. चेहरा कोजागरीचा आणि मान अमावास्येची हे दृश्य मराठी लग्नांच्या जुन्या अल्बमांत पुष्कळ सापडतं.

ओढणीच्या वर उरतात ते डोळे, म्हणून पुण्यात डोळ्यांवर मेहनत जास्त. गणपतीच्या कारखान्यात पाहावं: मूर्तीचं बाकी रंगकाम कुणाकडेही देतात, पण डोळ्यांची आखणी कसबी हाताकडे. तो माणूस श्वास धरतो, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतो आणि मग कुंचला उचलतो. लायनर लावायची रीत यापेक्षा वेगळी नाही. कोपर टेबलावर, करंगळी गालावर, आधी पापणीच्या कडेने तीन-चार ठिपके आणि मग ते जोडायचे. एका दमात रेघ ओढायला गेलं की एक डोळा कथ्थक नर्तिकेचा आणि दुसरा झोपेतून उठलेला होतो; मग दुसरा पहिल्यासारखा करताना पहिला दुसऱ्यासारखा होतो, आणि बस चुकते. काजळ खाली ओघळू नये म्हणून डोळ्याखाली आधी किंचित पावडर दाबावी, पावसाळ्यात तर नक्कीच. पुण्याचा पाऊस मुंबईसारखा बदाबदा कोसळून मोकळा होत नाही, तो भुरभुरत राहतो, आणि भुरभुर काजळाला जास्त घातक. मेट्रो सुरू झाल्यापासून, म्हणजे 2022च्या मार्चपासून, वनाजला चढून गरवारे कॉलेजपर्यंत दोन्ही डोळे आखून होतात असं दिसतं. पीएमपीच्या बसमध्ये मात्र हा प्रयोग करू नये. तिथे रेघ कुठे संपेल हे चालकाच्या ब्रेकवर असतं.

पार्किंगच्या हप्त्याला आरसा गाडीचा. तो आरसा बहिर्गोल असतो, मागचा रस्ता जास्तीत जास्त मावावा म्हणून, आणि त्यात जवळून पाहिलं की नाक पुढे आणि बाकीचा चेहरा लहान होऊन मागे पळतो. त्या प्रतिबिंबावर विसंबून लिपस्टिक लावली की ती ओठांची हद्द ओलांडते. अतिक्रमण पुण्याला नवीन नाही, पण हे काढायला महापालिका येत नाही. तेव्हा आरसा फक्त दाताला काही लागलंय का ते बघायला. लिपस्टिक खालच्या ओठाच्या मध्यभागी टेकवावी, ओठ एकमेकांवर दाबावेत, कडेपर्यंत बोटाने न्यावी, टिशूवर एकदा टिपावी आणि पुन्हा एक हलका हात द्यावा. टिपल्याने वरचा तेलकट भाग निघतो आणि रंग राहतो. नाही टिपलं तर अकरा वाजता अमृततुल्यच्या ग्लासाच्या कडेला अर्धचंद्र उमटतो आणि ओठांवर फक्त बाह्यरेषा उरते, नकाशात जिल्ह्याची हद्द दाखवतात तशी. हेल्मेट घालणाऱ्यांना या सगळ्यात केसांचा प्रश्न वेगळा. 1 जानेवारी 2019ला पुण्यात हेल्मेटसक्ती कडक झाली तेव्हा शहरात तिच्याविरुद्ध रीतसर कृती समिती होती. विरोधाची कारणं पुष्कळ होती. केस चपटे बसतात हे कारण त्यात असलंच तर मनातल्या मनात असावं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मेकअप केल्यासारखा न दिसणारा मेकअप तर जगभर चालतो, त्यात पुण्याचं काय? आहे. जगभरात तो करणाऱ्यांना वाटतं की बघणाऱ्याला कळू नये. पुण्यात बघणाऱ्याला पहिल्या जिन्यातच कळतं. शेजारच्या काकू दार उघडून दूध आत घेताना एकच प्रश्न विचारतात: ‘आज काय विशेष?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण ते लेखापरीक्षण असतं. त्याला ‘काही नाही काकू, सहजच’ असं उत्तर दिलं तर ते संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांवर पोचतं आणि त्याचा अर्थ ‘जमलंय वाटतं’ असा लावला जातो. ‘ऑफिसात क्लायंट येणारेत’ म्हटलं की काकूंचं समाधान होतं. रोजच्या मेकअपचं पुणेरी माप याच प्रश्नात आहे. काकूंनी ‘आज काय विशेष’ विचारलं तर जास्त झाला. ‘बरं नाही का गं?’ विचारलं तर कमी पडला. आणि काहीच न विचारता ‘बरी दिसतेयस’ म्हणाल्या तर बरोबर झाला. ‘बरी’ ही पुण्यातली सर्वोच्च पदवी, तिच्यापुढे विद्यापीठात काही शिकवत नाहीत.

दुसरा आक्षेप तरुणांकडून: हे सगळं जुन्या पिढीचं, आम्ही काही कारणबिरण देत नाही, हवं ते लावतो. हे मला खरंच पटलं असतं, पण मधे गणपती येतात. ढोल-ताशा पथकातल्या मुलींकडे पाहा. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, डोळे आखलेले, ओठ लाल, आणि वर सहा तास ढोल. या दिवसांत रंग लपवायचा नसतो, उलट जितका ठसठशीत तितका बरा. का? तर संस्कृती. सौभाग्य, प्रकृती आणि परकीय चलन यांच्यानंतर मिळालेलं हे सगळ्यांत मोठं आणि सर्वांत सोयीचं कारण. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी तीच मुलगी हिंजवडीच्या बसला ‘रोजचं’ लावून उभी. ज्यांना कारण लागत नाही त्यांनी ते कारण एवढ्या उत्साहाने वापरलं नसतं. शिवाय हा शहराचा इतिहासच आहे. शंभर वर्षांपूर्वी घराघरांतल्या बायकांनी साडी कशी नेसावी, अंबाड्यावर गजरा कुठे माळावा हे बालगंधर्वांकडे पाहून उचललं. भामिनी आणि रुक्मिणी रंगवणारा पुरुष त्यांचा फॅशनगुरू झाला, आणि ते चाललं, कारण त्या नाटक पाहायला गेल्या होत्या, साडी पाहायला नव्हे.

तिसरा आक्षेप मला स्वतःला जड वाटतो. कारणाच्या या सवयीने नुकसान होतं. एखादी वस्तू औषध, घरगुती किंवा धार्मिक ठरली की तिचं लेबल कुणी वाचत नाही. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना ते नैसर्गिक वाटतं. त्वचेवर लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की डाग पडतात, भाजल्यासारखे फोडही येतात, हेही पूर्ण नैसर्गिक आहे. टिकलीचं तर आणखी. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं. त्याने कुणाकुणाच्या कपाळावर टिकलीच्या जागी रंग उडून पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. तेव्हा खाज सुटली की टिकली बदलावी, नाहीतर सरळ मेण-कुंकवाकडे परत जावं, आणि रात्री ती काढून ठेवावी. कुठे ठेवावी हे सांगायची गरज नाही. मराठी घरातल्या न्हाणीघराच्या आरशावर टिकल्यांची हजेरी लागलेलीच असते, आणि दाढी करताना घरातल्या पुरुषाच्या कपाळावर त्यांतली एक बरोबर मधोमध येते. दुसरं नुकसान काटकसरीचं. डबी उघडल्यावर किती महिने वापरावी हे तिच्यावर उघड्या बरणीच्या चित्रात लिहिलेलं असतं. मस्कारा तीनेक महिन्यांत टाकावा असं सांगतात. पण ‘अजून आहे की त्यात’ या वाक्यापुढे कुठलीही तारीख टिकत नाही. तळाला गेलेली लिपस्टिक काडेपेटीतल्या काडीने कोरून काढण्यात जे समाधान आहे ते नव्या लिपस्टिकमध्ये नाही, हे मान्य. ओठाच्या लिपस्टिकपर्यंत ठीक. डोळ्याला लागणाऱ्या वस्तूंना ही काटकसर लावू नये. डोळे आल्यावर डॉक्टरची फी मस्काऱ्याहून जास्त होते, हे कारण मला वाटतं पेठांतही चालेल.

राहता राहिली खरेदी, आणि ती अर्थातच तुळशीबागेत. तिथे जायला कारण लागतच नाही, कारण मधोमध पेशवाईतलं राममंदिर आहे. रामाच्या दर्शनाला जाऊन येते म्हटलं की दोन तास आणि पाचशे रुपये यांचा हिशेब कुणी मागत नाही. एक लक्षात ठेवावं: गल्लीवर ताडपत्र्या असतात, निळ्या आणि पिवळ्या, आणि दुकानात पांढरे दिवे. त्या उजेडात मनगटावर लावून पाहिलेली छटा घरी आल्यावर वेगळीच निघते. फाउंडेशन मनगटावर पाहूच नये, जबड्याच्या कडेला बोटभर लावावं, ताडपत्री संपते तिथे उन्हात यावं, आणि ते दिसेनासं झालं तर ते आपलं. हमखास एक छटा उजळ उचलली जाते, आणि तोही जुना रोग. कंपन्यांनी पंचवीस-पंचवीस छटा काढण्याच्या कितीतरी आधी आपल्या वधूवर-सूचक जाहिरातींनी गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी असं शेडकार्ड छापून ठेवलं होतं, आणि त्यात निमगोरीपासूनच सगळ्यांची सुरुवात होत असे. ‘फेअर’ शब्द 2020मध्ये क्रीमच्या ट्यूबवरून गेला. जाहिरातींतला निमगोरीपणा अजून शोधावा लागत नाही.

लिपस्टिकच्या दुकानात गर्दी असते, आणि हल्ली सगळ्यांना हवी असते ती ओठांच्याच रंगाची. कंपनी तिला ‘न्यूड’ म्हणते. तो शब्द सदाशिव पेठेतून आलेली बाई सासूबाईंना शेजारी घेऊन उच्चारू शकत नाही. ती म्हणते, ‘अंगाच्या रंगाची दाखवा, रोजची.’ दुकानदाराला बरोबर कळतं. तो वरचे लाल, मरून, जांभळे ट्रे बाजूला सारतो, खालचा खण ओढतो आणि एकासारख्या एक अशा नऊ काड्या काउंटरवर मांडतो. बाई हातावर नऊ रेघा ओढतात, उन्हाकडे धरतात, सासूबाई चष्मा सावरून म्हणतात, ‘यात लावलंय कुठे काय?’ दुकानदार म्हणतो, ‘तेच तर, आजी. आणि आत व्हिटॅमिन ई आहे. ओठ फुटत नाहीत.’ सासूबाई क्षणभर विचार करतात. ‘मग दोन द्या,’ त्या म्हणतात, ‘माझेही हल्ली फार फुटतात.’